पाखरांसाठी पेरलेली ज्वारी

मी रिटायर झाले त्याच आठवड्यात मुलीनं पुण्याहून एक पुस्तक पाठवलं. पानोपानी पाखरांचे रंगीत फोटो, आणि पहिल्या पानावर तिच्या अक्षरात, ‘आई, आता पोरांवर ओरडणं बंद. अंगणात पक्षी येतील असं काहीतरी कर आणि शांत बघत बस. बीपी आपोआप खाली येईल.’ ओरडणं हा माझा स्वभाव नाही, ती माझी नोकरी होती, हे मी तिला लगेच फोन करून ओरडून सांगितलं.

पण मी एकदा मनावर घेतलं की घेतलं. चिखलीच्या बाहेर नव्या प्लॉटिंगमध्ये आमचं घर आहे. पुढे अंगण आणि कंपाउंडच्या कडेनं आठ-दहा खाटा ओळीनं मावतील एवढी मोकळी पट्टी. पुस्तकात लिहिलं होतं, दाणा, पाणी आणि आसरा दिला की पक्षी येतातच. येतातच, असं चक्क छापलं होतं. तिसरी-चौथीच्या वर्गावर जन्म घालवलेली बाई मी, छापलेल्यावर माझा फार विश्वास. प्लास्टिकच्या बाटलीला भोकं पाडून त्यातून दोन लाकडी पळ्या आरपार घातल्या, बाटलीत बाजरी भरली आणि ती कढीपत्त्याच्या झाडाला टांगली. मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवलं. एका जुन्या मडक्याला भोक पाडून ते घरटं म्हणून छज्ज्याखाली बांधलं. आणि खुर्ची टाकून बसले.

पहिल्या आठवड्यात मुंग्या आल्या. दुसऱ्या आठवड्यात खार आली आणि बाटली खाली पाडून गेली. मडक्यात गांधीलमाश्यांनी संसार थाटला. आमचे हे सकाळी पेपर घ्यायला बाहेर गेले तर त्यातली एक त्यांच्या कानाला डसली. कान पुरीसारखा फुगला. “आसरा तर दिलास,” हे म्हणाले, “आता दाणा-पाणी मला दे. चहा टाक.” आमचे हे पोस्टातून रिटायर झालेले. जन्मभर लोकांची पत्रं वाटून वाटून त्यांना कशाची म्हणून घाई राहिली नाही, आणि मला नेमका याच गोष्टीचा राग येतो.

शेवटी एक कावळा आला. आला, पाण्यात एक हाडूक भिजत घातलं आणि निघून गेला. ते हाडूक कोणाच्या घरचं, यावर आमच्या गल्लीत दोन दिवस चर्चा चालली.

शेजारच्या वहिनींकडे एक पेरूचं झाड आहे. त्या बाईनं त्याला कधी तांब्याभर पाणी घातलं असेल तर शपथ. पण त्यावर सकाळ-संध्याकाळ बुलबुल काय, साळुंक्या काय, नुसता बाजार भरलेला. मी तर पुस्तक वाचून सगळं करत होते! पुस्तकात लिहिलं होतं की बघणाऱ्यानं पानाच्या रंगाचे कपडे घालावेत, हालचाल करू नये. मी हिरवी साडी नेसून कढीपत्त्याखाली दोन तास दगडासारखी बसले. वहिनींनी भिंतीवरून डोकावून विचारलं, “म्याडम, कोणाचं डोहाळजेवण हाय का आज?”

मी तावातावानं घरात आले. हे म्हणाले, “पाखरांना तुझा आवाज माहीत आहे. त्यांच्यातली अर्धी तुझ्या शाळेत असतील.”

असं सगळं चाललेलं असताना मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती म्हणाली, “आई, बाटल्या-बिटल्या राहू दे. त्यांना मुळात काय आवडतं ते लाव ना.” आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं बाई! पाखरांना काय आवडतं हे मला पुस्तकातून कळायला हवं होतं? माझं सगळं लहानपण गेलं ते पाखरांना ज्या गोष्टीपासून हाकलण्यात, तीच तर त्यांना आवडते. ज्वारी!

माझी माय जन्मभर लोकांच्या ज्वारीची राखण करत आली. आमचं गाव इथून जवळच, उंद्रीच्या पलीकडे. स्वतःचं वावर नावालाच, पण आजूबाजूच्या पाच-सहा गावांत ज्वारी निसवून कणीस बाहेर आलं की मायला मागणी. वावरात लाकडाचा उंच माळा, माळ्यावर माय, हातात गोफण आणि शेजारी रॉकेलचा रिकामा डबा. तिची एक हाळी सुटली की थव्याच्या थवा उडायचा आणि शेजारच्या वावरातली माणसंही दचकायची. मी त्या माळ्याखाली बसून पाढे पाठ केले. तिचा एक ताठा होता. वावरवाल्यानं स्वतः दारात येऊन ‘राखणीले येता का?’ असं विचारलं तरच ती जायची. निरोप पाठवला तर नाही, पोराला धाडलं तर नाही. ‘बोलावल्याबिगर म्या कोणाच्या वावरात पाय ठेवला नाही,’ हे ती आजही सांगते. मग गावोगाव सोयाबीन आलं. सोयाबीनला राखण लागत नाही. ज्वारी एकेका वावरातून गेली आणि मायचं कामही गेलं.

तर मी जुलैमध्ये त्या पट्टीत ज्वारी पेरली. सगळी कॉलनी हसली. लोक लॉन लावतात, गुलाब लावतात आणि म्याडमनं ज्वारी लावली. समोरचे काका सकाळी फिरायला जाताना हमखास थांबायचे. “म्याडम, सोयाबीन काऊन नाही पेरलं? भाव भेटला असता.” मी म्हणायची, “खाणारे वेगळे आहेत काका.” ज्वारी डोक्याच्या वर गेली. सप्टेंबरात कणसं निसवली.

आणि मायचा हात मोडला.

पोळा झाल्यावर ती गिरणीच्या पायरीवरून दळणासकट पडली. डावं मनगट. गावात ती एकटी राहते. वडील जाऊन पुष्कळ वर्षं झाली, आणि मी तिची एकुलती एक. पडली तेव्हा पीठ भरायला दहा माणसं धावली म्हणे, तिला उचलायला दोघं. मी आणि हे गाडी घेऊन गेलो, दवाखान्यात प्लास्टर घातलं आणि तिला थेट घरी आणलं. मी मनात पक्कं ठरवलं होतं, आता हिला परत पाठवायची नाही. पुढच्या वेळी मनगट नाही, डोकं आपटेल. पण हे तिला सांगायचं कसं? ती घरात शिरता शिरताच म्हणाली, “पलस्तर निघालं का मी चालली.”

“का? इथं काय काटे आहेत?”

“काटे नाईत. लेकीचं घर हाय.”

झालं. आमच्याकडे लेकीच्या घरचं फुकट खाणं म्हणजे अगदी खाली मान घालण्याची गोष्ट. कायदा कोणी केलेला नाही, पण मोडतही कोणी नाही. चार दिवस पाहुणी म्हणून ठीक. पाचव्या दिवसापासून माय जेवायला बसली की अर्धी भाकर बाजूला सारायची. “भूक नाई.” आणि खाल्लेल्या अर्ध्या भाकरीची फेड म्हणून एका हातानं दिवसभर कामं. एका हातानं झाडायची, एका हातानं भांडी विसळायची. यांचा शर्ट एका हातानं आणि दातांनी धरून घडी घालायची. हे बिचारे घाबरून आपले कपडे लपवून ठेवायला लागले. “मामी, राहू द्या हो,” म्हणायचे. ती डोक्यावर पदर ओढून म्हणायची, “जवाई, तुमी बसा. तुमाले काय करता येते?” हे खरंच होतं, त्यामुळे हे बसायचे.

रोज सकाळी ती कॅलेंडरसमोर उभी राहून विचारायची, “किती दिवस राह्यले वं?” आणि मी रोज चिडायची. चिडण्याशिवाय मला दुसरं येतच नव्हतं. ‘माय, राहा ना गं, मला तुझी काळजी वाटते’, एवढं एक वाक्य. पोरांना वाक्यात उपयोग करा म्हणून जन्मभर सांगितलं, पण मला ते तोंडातून काढता येईना.

अशातच एका सकाळी पाखरं आली.

दाणा नुकताच दुधात आला होता. मी दात घासत खिडकीशी आले आणि तशीच थांबले. कणसांवर चिमण्या! दहा-बारा तरी असतील. कणीस वाकतंय, चिमणी झोके घेतेय. कंपाउंडवर दोन होले. आणि बघता बघता तीन राघू किंचाळत आले आणि सरळ कणसाला उलटे लटकले. आजूबाजूला कोसभर सोयाबीन आणि मध्ये माझी ही एवढीशी ज्वारी. साऱ्या तालुक्यात पत्ता लागला असणार. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तोंडात फेस, डोळ्यांत पाणी. मी यांना खुणेनं बोलावलं. हे बशीत चहा ओतून आले आणि पहिला घोट घेणार तोच मी त्यांचा हात धरला. भुरका मारू नका, उडतील! हे बशी धरून पुतळ्यासारखे उभे. मी मनातल्या मनात बीपी मोजते आहे. खरंच खाली येत होतं हो.

आणि मागच्या दारातून आवाज आला.

“हाऽऽऽऽ हुर्र्र्र्र! हाऽऽऽ! हाऽऽऽ!”

माय. उजव्या हातात लाटणं, प्लास्टरच्या हाताच्या खोबणीत स्टीलची थाळी अडकवलेली, आणि ठणाठणा ठणाठणा. यांच्या हातातली बशी पडली. समोरचे काका रस्त्यात खाली बसले, त्यांना वाटलं सिलेंडर फुटला. पाखरं जी उडाली ती थेट जालना जिल्ह्यात जाऊन बसली असतील.

“माय!” मी तोंडातल्या फेसासकट ओरडले. “काय करतेस तू हे?”

“म्या काय करून राह्यली? तू काय करून राह्यली?” ती माझ्याहून वरच्या आवाजात. “पाखरं ज्वारी खाऊन राह्यले अन् तू उभी राहून पाहून राह्यली! अन् जवाई चाय पेऊन राह्यले! वावरवाले हावा का कोण हावा?”

“अगं, पाखरांसाठीच पेरली आहे ती!”

मायच्या हातातलं लाटणं हवेत थांबलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग ज्वारीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. “पाखराईसाठी?” ती हळू आवाजात म्हणाली. “पेरली? निंदली? खत टाकलं?”

“हो.”

ती यांच्याकडे वळली. “जवाई, हिले दवाखान्यात दाखवा. रिटायर झाल्यापासून डोस्कं फिरलं हिचं.” हे फुटलेली बशी गोळा करत होते. ते म्हणाले, “मामी, त्याच्याही आधीपासून आहे.”

त्या दिवसापासून आमच्या घरात लढाई सुरू झाली. मी मायला बजावलं, हाकलायचं नाही. ती म्हणाली, बरं. ती खरोखर प्रयत्न करायची, खोटं कशाला बोलू. राघू आले की पदराचा बोळा तोंडात कोंबून बसायची. पण डोळे बाहेर यायचे, हाताची मूठ वळायची, आणि एखादा राघू अख्खं कणीस कापून, दोन दाणे खाऊन, बाकीचं खाली टाकून द्यायला लागला की बोळा फट्‌दिशी बाहेर आणि “हाऽऽऽऽ!” मग पाखरं नाहीत, मायला वाईट वाटलेलं, आणि मी चिडलेली. थाळी मी कपाटात कुलपात ठेवली तर ती बादली वाजवायला लागली. बादली घेतली तर टाळ्या. एका हाताला प्लास्टर असलेली बाई मांडीवर टाळी वाजवून एवढा आवाज काढू शकते, हे मी कधी ऐकलं नव्हतं.

शेजारच्या वहिनी माझ्या बाजूनं होत्या असं मला वाटायचं. नंतर कळलं की पाखरं आमच्याकडून उडून त्यांच्या पेरूवर जात होती आणि त्या गुपचूप मायला सकाळी चहाचं विचारायच्या.

आता लाजेची गोष्ट सांगते. एक दिवस माय आंघोळीला गेली होती. मी खुर्चीत बसलेले, समोर राघू, सगळं शांत. त्या राघूनं एक भरलेलं कणीस मानेतून कापलं आणि टाकलं. खाल्लं नाही. दुसरं कापलं, टाकलं. तिसरं कापलं. माझ्या कानशिलाशी काहीतरी ठकठक व्हायला लागलं. चौथं टाकलं, आणि मी कधी उठले, कधी चप्पल भिरकावली, कधी माझ्या घशातून तो “हाऽऽऽ हुर्र्र” निघाला, मला काही कळलं नाही. अगदी मायचाच आवाज, तोच सूर. न्हाणीतून माय ओरडली, “शाब्बास!” आणि यांनी पेपरातून मान वर न करता विचारलं, “बीपी?”

प्लास्टर निघायचा दिवस आला. दवाखान्यातून आल्यावर माय आपलं वाळलेलं मनगट फिरवून फिरवून बघत होती, आणि मी स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता ऐकत होते की ती पिशवी भरते आहे. दोन लुगडी, औषधाच्या गोळ्या, विहारात नेसायचं पांढरं पातळ. उंद्रीकडे जाणारी एसटी दहाला. मी बाहेर आले आणि व्हायचं तेच झालं. मी म्हणाले, “जा! खुशाल जा! पुन्हा पडलीस तर मला बोलावू नको!” असं बोलायचं नव्हतं मला. ती म्हणाली, “नाई बोलावत.” आणि पिशवी घेऊन अंगणातल्या ओट्यावर जाऊन बसली.

मी आत स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून रडले. मोठ्यानं नाही, पण चांगली रडले. हे आले, माझ्या हातातली सुरी काढून घेतली आणि म्हणाले, “तू तिला लेक म्हणून राहा म्हणतेस. लेकीकडं ती राहणार नाही. तुला वावर आहे ना?”

जन्मात पहिल्यांदा या माणसानं कामाचं काही सांगितलं. मी तोंड धुतलं, पदर नीट केला आणि बाहेर गेले. माय रस्त्याकडे तोंड करून बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले, आणि लहानपणी वावरवाले आमच्या दारात येऊन बोलायचे तसं बोलले.

“बाई, राखणीले येता का?”

तिनं मान वर केली. मला वाटलं आता हसेल किंवा शिवी देईल. पण राखणीच्या बोलण्यात माय कधी थट्टा करत नाही. तिनं पिशवी मांडीवरून खाली ठेवली, पदर सारखा केला आणि ज्वारीकडे एक नजर टाकली.

“वावर कोणतं?”

“हेच.”

“एवढुसं?” तिनं नाक मुरडलं. “बरं. जेवण?”

“दोन वेळचं. चहा तीनदा.”

“पाखराईले किती खाऊ द्याची?”

“निम्मी.”

“निम्मी!” ती उठून उभीच राहिली. “वावर पाखराईले देऊन टाक ना मंग, राखणदारीण कायले पाह्यजे? चवथाई.”

“निम्मी माय, त्यांच्यासाठीच पेरली गं...”

“माय-बिय नाई. सौद्यात माय नाई. चवथाई.”

भिंतीपलीकडून वहिनी ऐकत होत्या, त्या म्हणाल्या, “तिसरा हिस्सा करा बाई.” तिसऱ्या हिश्श्यावर ठरलं. सकाळी ऊन ओट्यावर येईपर्यंत पाखरांची पाळी, मग मायची. दहाची एसटी गेली. त्या दुपारी माय दोन भाकरी जेवली आणि वर ठेचा मागितला.

“पण ज्वारी निघालोक,” ती हात धुताना म्हणाली. “कणसं कापली का मी चालली.”

तेवढंही पुष्कळ होतं. मायनं ओट्यावर खुर्ची ठेवली. माळा बांधा म्हणत होती, यांना शिडीची भीती वाटते म्हणून खुर्चीवर भागवलं. सकाळी मी पाखरं बघायची, ऊन आलं की माय थाळी वाजवायची. कॉलनीतली लहान पोरं शाळेत जाताना मुद्दाम आमच्या गल्लीतून जायची. हाळी ऐकून तीही हाळी द्यायची. मायनं त्यांना शिकवायला सुरुवात केली, आणि एका पोराच्या आईनं मला येऊन सांगितलं की तो वर्गात गुरुजींना ‘हाऽऽ हुर्र’ म्हणाला.

दाणा पिकला, कडक झाला, कडबा वाळला. मी कापणीचं नाव काढेना. लोक विचारायचे, म्याडम, विळा नाही का? मी म्हणायची, सांधे दुखतात. समोरचे काका विळा घेऊन दारात आले तर मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. डिसेंबर उजाडला तरी ज्वारी उभी. उभी म्हणजे काय, खराट्यांची रांग. कणसांत दाणा राहिला नव्हता, पाखरांनी आपला तिसरा हिस्सा केव्हाच खाल्ला होता आणि बाकीचे दोनही. सकाळी एखाददुसरी चिमणी यायची, रिकामं कणीस चाचपायची, उडून जायची. माय थाळी मांडीवर घेऊन नुसती बसलेली. एकदा तिची पिशवी खुंटीवरून खाली काढलेली दिसली, ती मी गुपचूप परत खुंटीला अडकवली.

आणि मग पाखरं पुन्हा यायला लागली. चार दिवसांत पूर्वीपेक्षा जास्त. चिमण्या, होले, साळुंक्या, सगळे. कणसांवर नाही, खाली बुंध्याशी. मला काही समजेना. रिकाम्या ज्वारीत ही काय शोधतायत? मी पुस्तक उघडून बघितलं, त्यात काही नव्हतं.

एका सकाळी मला लवकर जाग आली. उजाडलं होतं, ऊन यायचं होतं. मी खिडकीशी गेले. माय ज्वारीच्या ओळीत वाकून उभी होती. ओच्यात दाणे, आमच्या डब्यातली ज्वारी. नुकत्या बऱ्या झालेल्या हातानं ती ते बुंध्याशी टाकत होती, थोडे इथं, थोडे तिथं, मातीत दिसतील असे. उभा जन्म पाखरांना दगड मारलेली बाई, आणि बारीक आवाजात म्हणत होती, “या वं बाई. या. लवकर या. मले काम द्या.”

मी मागे सरले. खिडकीखाली भिंतीला पाठ लावून खाली बसले आणि तोंडावर हात ठेवला, कारण हसू येत होतं की रडू, मलाच ठरवता येईना. तिलाही जायचं नव्हतं. तीन महिने मी तिच्याशी भांडत होते आणि तिलाही जायचं नव्हतं.

हे फिरायला जायचे बूट घालत होते. मी त्यांना ओढत आणलं, खुणेनं दाखवलं. यांनी बघितलंसुद्धा नाही. “माहीत आहे,” हळूच म्हणाले. “डबा वरच्या फळीवर असतो, मामींचा हात पोचत नाही. रोज बूट घालायच्या आधी मीच खाली काढून ठेवतो.”

मी चहा टाकला. थोड्या वेळानं ऊन ओट्यावर आलं, थाळी वाजली, हाळी सुटली, समोरच्या काकांचं दार धाडकन लागलं. मी चहा घेऊन बाहेर गेले. मायनं पदरानं कपाळ पुसलं, कप हातात घेतला आणि मोठा सुस्कारा सोडला.

“रोज म्हणते वं, गावले जाईन,” ती म्हणाली. “पण हे पाखरं सोडतीन तवा ना मले!”

“हो ना,” मी म्हणाले. “लईच झालेत.”